एकीची बाटली एकीलाच

पावसाळा लागला की आमच्या गटाच्या बैठकीत एखादी तरी डोळ्याला पदर लावून बसलेली असते. विचारलं तर म्हणते, "काही नाही ताई, डोळे आलेत." लगेच शेजारची म्हणते, "माझ्याकडे थेंब आहेत, घेऊन जा." माया खरीच, पण त्या बाटलीबद्दलच आज आम्हाला बोलायचंय.

आलेले डोळे सगळे सारखे नसतात. २०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर साथ आली होती, आठवते ना? ती बहुतेक विषाणूची होती. त्यात डोळा लाल होतो, चुरचुरतो, पाणी गळतं. त्यावर अँटिबायोटिक थेंबांचा उपयोग होत नाही. स्वच्छता ठेवली, थंड पाण्याची घडी ठेवली की आठवड्या-दोन आठवड्यांत डोळा आपोआप निवळतो. जिवाणूंमुळे डोळे आले तर पिवळी-हिरवी घट्ट चिपडं येतात, सकाळी पापण्या चिकटून बसतात. अँटिबायोटिक थेंब यासाठी असतात. पण कोणतं काय, हे डॉक्टरांनी डोळा बघून ठरवायचं.

मेडिकलमधून "लाल डोळ्याचे थेंब द्या" म्हणून आणलेल्या बाटलीत कधी कधी अँटिबायोटिकबरोबर स्टेरॉइडही असतं. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन अशी नावं बारीक अक्षरात असतात. शाळेत जाणाऱ्या पोरीकडून वाचून घ्या. स्टेरॉइडने लाली पटकन उतरते, म्हणून बायकांना ते औषध गुणकारी वाटतं. पण आतला संसर्ग काही वेळा वाढतच जातो, आणि बरेच दिवस घातलं तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. डॉक्टरांनी दिलं तर घ्यावं, स्वतःहून नाही. औषधाच्या वेष्टनावर लाल उभी रेघ असली, तर ते चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही.

आता थेंब घालायचे कसे? आधी साबणाने हात धुवा. चिपडं उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ कापसाने पुसा, प्रत्येक डोळ्याला वेगळा बोळा. मान मागे टाका, खालची पापणी बोटाने ओढली की छोटा खिसा होतो, त्यात एकच थेंब. डोळ्यात मावतोच तेवढा, दुसरा गालावर ओघळून जातो. बाटलीचं टोक पापणीला किंवा बोटाला लागू देऊ नका, नाहीतर डोळ्यातले जंतू बाटलीत जातात. मग डोळा अलगद मिटून नाकाजवळचा कोपरा मिनिटभर दाबून धरा. त्यामुळे औषध घशात उतरत नाही. काहीजणींना थेंब घातल्यावर तोंड कडू लागतं, ते त्यामुळेच. दोन वेगळे थेंब असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या.

बरं वाटलं म्हणून दुसऱ्या दिवशी थेंब बंद करू नका, सांगितले तितके दिवस घाला. बाटली फोडली त्या दिवशीच तिच्यावर तारीख लिहा. महिनाभराने ती टाकायची, औषध उरलं असलं तरी. गेल्या वर्षीची बाटली फळीवरून काढायची नाही, आणि जावेला, नणंदेला, शेजारणीला द्यायची तर नाहीच. कानाचे थेंब डोळ्यात घातल्याचंही आमच्या कानावर आलंय! बाटल्या दिसतात सारख्या, म्हणून नाव बघूनच घाला. मध, गुलाबपाणी, अंगावरचं दूध, यातलं काही डोळ्यात नको.

उसाचं पातं लागलं, मळणीच्या वेळी कुसळ गेलं आणि मग डोळा लाल झाला, तर ते "डोळे येणं" नव्हे. बुबुळाला जखम झालेली असू शकते, तिच्यात बुरशीही वाढते, आणि स्टेरॉइडने ती आणखी चिघळते. अशाने डोळ्यात फूल पडून नजर कायमची जाऊ शकते. डोळा ठणकत असेल, उजेड सोसत नसेल, अंधूक दिसत असेल किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तर बाजारच्या दिवसापर्यंत थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. थेंब सुरू करून दोन दिवसांत उतार नाही पडला तरी परत जाऊन दाखवा.

आणि महिन्याच्या आतल्या तान्ह्या बाळाच्या डोळ्यातून पू येत असेल, तर घरी काहीच करायचं नाही. आशाताईंना हाक मारा आणि बाळाला लगेच दवाखान्यात न्या, रात्र असली तरी.