उंबऱ्याबाहेरचं गिऱ्हाईक

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषयही दिला आहे : छोट्या धंद्याचं ऑनलाइन दुकान कसं उभं करावं. आपल्या वर्गात कुणाचं गुऱ्हाळ आहे, कुणी घरी कांदा-लसूण मसाला करून विकतं, कुणाचं साड्यांचं दुकान आहे. आपल्या ग्रुपवर गेलं वर्षभर एकच प्रश्न फिरतोय : "वेबसाइट कुणाकडून करून घेऊ आणि खर्च किती येईल?" मी कोल्हापुरी चपलांच्या दुकानात बसतो आणि आमचा काही माल आता कुरिअरनं बाहेरगावी जातो. त्यामुळं उदाहरण चपलेचंच देतो. तुमचा माल वेगळा असेल, पण हिशेब हाच.

पहिली गोष्ट अशी की वेबसाइट हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे. पैसे दिले की ती आठवड्याभरात होते. अवघड आहे ते दुसरंच. दुकानात गिऱ्हाईक आलं की आपण नकळत पंचवीस कामं करत असतो. ते पायताण हातात घेतं, वास घेतं, तळवा वाकवून बघतं. पाय घालून चार पावलं चालतं. "जरा घट्ट वाटतंय" म्हणतं. आपण म्हणतो, "चामडं आहे, वापरून पायाला बसेल." मग ते विचारतं, "पावसात चालेल का?" आपण खरं ते सांगतो, की नाही चालणार. एवढं झाल्यावर पैसे गल्ल्यात पडतात. ऑनलाइन दुकानात यातलं काहीच घडत नाही. गिऱ्हाईक उंबऱ्याबाहेर, पाचशे किलोमीटरवर बसलंय आणि त्याच्या हातात फक्त फोन आहे. आपण गल्ल्यावर बसून जे जे बोलतो ते सगळं आधीच लिहून, दाखवून, मोजून ठेवणं म्हणजे ऑनलाइन दुकान. बाकी सगळी सजावट.

मग हे लिहायचं कसं? एक साधी वही घ्या. महिनाभर दुकानात आणि फोनवर गिऱ्हाईक जे जे विचारतं ते त्याच्याच शब्दांत उतरवून काढा. आमच्या वहीत सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न मापाचा होता. आठ नंबर म्हटलं तरी एका कारागिराचा आठ आणि दुसऱ्याचा आठ यांत फरक पडतो, कारण माल हातानं होतो. म्हणून नुसता नंबर लिहून भागत नाही. कागदावर पाय ठेवा, पेन्सिल उभी धरून भोवतीनं रेघ मारा, टाचेपासून सगळ्यात लांब बोटापर्यंतचं अंतर सेंटिमीटरमध्ये मोजा, आणि त्या कागदाचा फोटो पट्टी शेजारी ठेवून पाठवा, असं आम्ही चित्रांसह लिहून ठेवलंय. पाय रुंद असेल तर तेही रेघेवरूनच कळतं. गिऱ्हाइकाची दोन मिनिटं जातात, पण परत येणारं पार्सल वाचतं. साडीवाल्यांनी असंच लांबी, ब्लाउजपीस आहे की नाही, रंग जातो का, हे लिहावं. मसालेवालीनं तिखटपणा सांगावा, आणि नुसतं 'झणझणीत' म्हणू नये. 'पाव किलो मटणाला किती चमचे' असं सांगावं.

फोटोसाठी महागडा कॅमेरा लागत नाही. सकाळचं खिडकीतलं ऊन, ते पण थेट नको, आणि मागं पांढरी चादर. वरून एक, बाजूनं एक, आणि तळाचा एक फोटो हवाच, कारण शिवण तिथं दिसते. खिळा न मारता चामड्याच्या वादीनं केलेली शिवण हीच आपल्या चपलेची ओळख. एक फोटो पायात घालून काढा, म्हणजे पट्टा केवढा आणि कान केवढे हे कळतं. रंग आहे त्यापेक्षा उजळ करू नका. फोनवर लाल दिसलेली वस्तू घरी तपकिरी निघाली की ते गिऱ्हाईक कायमचं गेलं.

आता गणित. आपले गणिताचे सर समोर बसलेत, तेव्हा आकडे जपून सांगतो. समजा, एक जोड आपण बाराशे रुपयांना विकतो. जीएसटी यात धरलेला नाही, तो सरकारचा पैसा. कारागिराला आणि मालाला मिळून ७५० गेले. पॅकिंग ३०, कुरिअर ९०, पैसे गोळा करण्याचा खर्च ३०, आणि ते गिऱ्हाईक आपल्यापर्यंत यावं म्हणून केलेली जाहिरात जोडीमागं १००. झाले हजार. हातात राहिले दोनशे. दहा जोड गेले की दोन हजार सुटले, असं आपण धरून चालतो.

पण 'घरी आल्यावर पैसे' या पद्धतीत काही पार्सलं दारातूनच परत येतात. माणूस घरी नसतो, मन बदलतं, किंवा मागवलेलंच तो विसरतो. परत आलेल्या पार्सलमागं जातानाचे ९०, येतानाचे ९०, पॅकिंगचे ३० आणि जाहिरातीचे १०० असे ३१० रुपये खिशातून जातात. दहांतली तीन परत आली तर सात जोडांचे १४०० मिळाले आणि ९३० गेले. उरले ४७०. चार परत आली तर सहांचे १२०० मिळाले आणि १२४० गेले. दहा पार्सलं बांधून, चिकटवून, पाठवून आपण चाळीस रुपये पदरचे घातले! बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, धंदा जोरात चाललाय. दहांपैकी तीन की चार, एवढ्या एका पार्सलावर दुकान तरतं किंवा बुडतं.

यावर उपाय साधे आहेत. 'घरी आल्यावर पैसे' अशी मागणी आली की माल पाठवण्याआधी फोन करावा. पत्ता, जवळची खूण आणि माप पक्कं करून घ्यावं. फोन उचललाच नाही तर पार्सल बांधू नये. यूपीआयनं आधी पैसे देणाऱ्याला थोडी सवलत द्यावी, किंवा निदान कुरिअरचे पैसे आधी मागावेत. ज्याला खरंच घ्यायचंय तो शंभर रुपये आधी देतो.

कुरिअरचंही एक गणित आहे. पार्सल हलकं असलं तरी मोठं असेल तर कंपन्या आकारमानावरून वजन धरतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५००० नं भागायचं. ३२ बाय २२ बाय १२ चा खोका घेतला तर ८४४८ भागिले ५०००, म्हणजे जवळजवळ एक किलो सातशे ग्रॅम. आतली चप्पल ८०० ग्रॅमचीच असली तरी पैसे या मोठ्या आकड्याचे लागतात. तोच जोड तळ एकमेकांवर ठेवून ३० बाय २० बाय ९ च्या खोक्यात बसवला तर एक किलो ऐंशी ग्रॅम होतो. खोका विकत घेण्याआधी पट्टी घ्या, एवढंच सांगायचंय. आणि पावसाळ्यात चामडं पूर्ण कोरडं करून बांधा. ओल राहिली की वाटेतच बुरशी धरते.

दुकान कुठं थाटायचं? तीन जागा आहेत. पहिली व्हॉट्सॲप बिझनेस. तिथं फोटो आणि किमतींची यादी फुकट लावता येते, पैसे यूपीआयनं येतात, पार्सल पोस्टानं जातं. सुरुवात इथूनच करा, आणि पाच-सहा वस्तूंनीच करा. दुसरी जागा म्हणजे मोठ्या कंपन्यांचा ऑनलाइन बाजार. तिथं गर्दी आयती मिळते, पण कमिशन द्यावं लागतं आणि गिऱ्हाईक त्यांचं राहतं, आपलं होत नाही. तिसरी जागा आपली स्वतःची वेबसाइट. तिथं गर्दी आपल्यालाच आणावी लागते, पण आलेलं गिऱ्हाईक आपल्या वहीत राहतं. वेबसाइट करून घेताना एक गोष्ट विसरू नका. तिचं नाव, म्हणजे डोमेन, तुमच्या स्वतःच्या नावावर, तुमच्याच ईमेल आणि मोबाइलवर नोंदवून घ्या. करून देणाऱ्याच्या नावावर ठेवलं तर उद्या तो गाव सोडून गेला की दुकानाची किल्लीच त्याच्याबरोबर गेली.

कायद्याच्या चार गोष्टी. परराज्यात माल पाठवायचा तर उलाढाल कितीही कमी असो, साधारणपणे जीएसटी नोंदणी लागते. हस्तकलेच्या काही वस्तूंना सवलत आहे. ती आपल्याला लागू होते का हे आपल्या सीएला विचारा. मोठ्या ऑनलाइन बाजारातून फक्त राज्यातल्या राज्यात विकणाऱ्या छोट्या दुकानदारांना १ ऑक्टोबर २०२३ पासून ठरावीक उलाढालीपर्यंत नोंदणीशिवाय विकायची सोय आहे, पण तिच्याही अटी आहेत. खाण्याची वस्तू विकणाऱ्या सगळ्यांना, मग ती घरच्या स्वयंपाकघरात का होईना, एफएसएसएआयची नोंदणी हवी. पाकिटावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, वजन, किंमत, महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क छापायलाच हवा. आणि २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणं तक्रार आली की अठ्ठेचाळीस तासांत ती मिळाल्याचं कळवायचं आणि महिन्याभरात निकाली काढायची. खरं सांगायचं तर चांगला दुकानदार हे नियम नसतानाही असाच वागत होता.

आता मला मुख्य बोलायचंय ते किमतीबद्दल. फोनवर 'कोल्हापुरी' म्हणून शोधलं की दोनशे-तीनशे रुपयांचे जोड दिसतात. त्यांतले कितीतरी रेक्झिनचे, यंत्रावर चिकटवलेले असतात. गिऱ्हाईक विचारतं, "तुमचाच का बाराशेला?" अशा वेळी नव्या दुकानदाराला पहिला मोह होतो तो किंमत खाली आणण्याचा. पण वरचा हिशेब पुन्हा बघा. कुरिअरवाला नव्वद सोडणार नाही. खोकेवाला तीस सोडणार नाही. जाहिरात स्वस्त होणार नाही. मग कमी कुठून करणार? त्या ७५० मधूनच. म्हणजे बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं चामडं कापून, ठोकून, वेणी घालून, दिवस दिवस मांडी घालून बसणाऱ्या माणसाच्या मजुरीतून. गिऱ्हाईक त्याला बघत नाही, म्हणून त्याच्यातून कापणं सगळ्यात सोपं वाटतं. आणि त्याचा मुलगा ते बघून एमआयडीसीत कामाला जातो. अशी दहा वर्षं गेली की आपल्या वेबसाइटवर लावायला फोटो असतील, पण चप्पल करणारा हात नसेल.

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर असे आठ जिल्हे त्यात आहेत. जून २०२५ मध्ये इटलीतल्या मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा कंपनीनं आपल्या चपलेसारखीच पायताणं दाखवली. सुरुवातीला कुठून घेतलं याचा उल्लेखही नव्हता. टीका झाल्यावर त्यांनी भारतीय हस्तकलेचा हवाला दिला. आपण सगळे तेव्हा चिडलो, आणि बरोबरच होतं. पण मला त्यातून एक दिसलं. त्याच वस्तूला जगात भरमसाट किंमत येऊ शकते, मात्र तिची गोष्ट नीट सांगितलेली असली पाहिजे. आपली गोष्ट आपण लिहिली नाही तर दुसरा कुणीतरी लिहितो, आणि त्यात आपलं नाव नसतं.

म्हणून आमच्या प्रत्येक जोडाखाली तीन ओळी असतात : चामडं कसलं, जोड कुणी केला, किती वेळ लागला. कारागिराला विचारून, त्याच्या परवानगीनं त्याचं नाव. तेल कधी द्यायचं, तळ झिजला तर काय करायचं, हेही खाली लिहिलेलं असतं. हे वाचून काही गिऱ्हाइकं निघून जातात. त्यांना तीनशेचा जोड हवा असतो, आणि त्यात गैर काही नाही. जी थांबतात ती घासाघीस करत नाहीत, वर्षानं पुन्हा येतात आणि बहिणीसाठी, मेव्हण्यासाठीही मागवतात. तेव्हा जाहिरातीचे शंभर वाचतात. ते शंभर कुणाच्या खिशात जायला हवेत हे आता वेगळं सांगायला नको.

तेव्हा मित्रहो, इथून घरी गेल्यावर वेबसाइटवाल्याला फोन करण्याआधी एवढंच करा. वही काढा. एका वस्तूचा पूर्ण हिशेब लिहा, परत येणाऱ्या पार्सलांसकट. शेवटी जो आकडा उरेल त्यात तुमचं आणि माल करणाऱ्याचं घर चालत असेल तर दुकान काढा. चालत नसेल तर किंमत वाढवा, आणि ती का वाढवली हे चार सरळ वाक्यांत लिहा. चार सरळ वाक्यं लिहायला आपल्या मराठीच्या बाईंनी आपल्याला शिकवलं आहे, आणि भागाकार सरांनी. धंद्याला लागणारं बरंचसं भांडवल आपल्याला या शाळेनं तेव्हाच देऊन ठेवलंय.

ज्यांना पहिली यादी करताना अडेल त्यांनी दुकानात यावं. वही दाखवीन, पट्टी देईन आणि चहा पाजीन.