म्हातारबाबांची मोजणी
(धानोरा येथील मेळाव्यातील भाषण)



मागे तालुक्यातल्या एका गावात मी शिकारीवर बोलत होतो. “तुमच्या पारधीमुळेच ससे आणि खवले मांजरं संपली,” असं मी बोलून गेलो. बैठकीत कोणीच उत्तर दिलं नाही. उठताना एक म्हातारबाबा म्हणाले, “भाऊ, पारध माझ्या आज्यापासून आहे. मग तेव्हा का नाही संपली?”

मी गप्प झालो. मग त्यांनीच सांगितलं. लहानपणी उकरलेली वारुळं जागोजागी दिसायची. पुढे बाहेरचे लोक येऊ लागले. त्यांना मांस नको होतं, खवले हवे होते, आणि पैसे रोख. त्यानंतर काही वर्षांतच ताजं उकरलेलं वारूळ दिसेनासं झालं.

उंदीर एका हंगामात भरून निघतात. खवले मांजराला एका वेळी बहुधा एकच पिल्लू होतं. घाबरलं की ते अंगाचा गोळा करतं. बिबट्यापुढे हे चालतं, पण माणूस तोच गोळा पोत्यात भरतो. आणि खवले म्हणजे काय, तर आपल्या नखांचाच पदार्थ! 1972 च्या कायद्याने शिकारीला बंदी आहे. 2016 मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापारही बंद ठरला. पण पकडला जातो तो गावचा पोरगा, घेणारा नाही. शिक्षा किमान तीन वर्षं. मागे राहते त्याची आई.

वाघांची देशभर दर चार वर्षांनी गणना होते. या लहान जिवांची तशी गणना नाही. त्यांची पन्नास वर्षांची नोंद म्हाताऱ्यांच्या डोक्यात आहे, आणि म्हातारे जात आहेत. आपल्याच तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. जैवविविधता कायद्यात गावाच्या नोंदवहीचीही सोय आहे. म्हणून आम्ही पोरांना वह्या दिल्या. म्हातारे सांगतात, पोरं लिहितात. साल आठवत नसेल तर “थोरलीच्या लग्नाच्या वर्षी” असंही चालतं.

कोणत्या टेकडीवर काय दिसलं, ते मी इथे सांगणार नाही. ते गावातच राहावं असं ठरलं आहे. एवढंच सांगतो, म्हातारबाबांच्या पानावर शेवटची ओळ या दिवाळीनंतरची आहे: एक वारूळ, ताजं उकरलेलं.