ब्रेकमधली रबरी कडी

घाट चढताना गाडीच्या इंजिनाची परीक्षा होते आणि उतरताना ब्रेकची. तुळजापूरचा घाट उतरून सोलापूरकडे येणाऱ्यांना हे सांगायला नकोच. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ साली थांबले, तरी ती गाडी खेड्यापाड्यांतून अजून दिसते. अशा जुन्या गाड्यांच्या पुढच्या चाकांवरील चकतीच्या ब्रेकविषयी आज थोडे बोलू.

चकतीला दोन्ही अंगांनी धरणारा चिमटा म्हणजे कॅलिपर. बंदिस्त द्रवावरचा दाब सगळीकडे सारखा पोहोचतो, हा पास्कलचा नियम शिक्षकबंधू वर्गात शिकवतात. त्याच नियमाने पायाचा दाब कॅलिपरमधल्या पिस्टनला पुढे ढकलतो. पिस्टनभोवती एक रबरी कडी असते. ती द्रव गळू देत नाही. शिवाय पिस्टन सरकला की किंचित वाकते आणि पाय उचलताच सरळ होऊन त्याला मागे ओढते. धरणे आणि सोडणे, दोन्ही तिच्याच जोरावर!

परंतु ब्रेकचा द्रव हवेतली ओल शोषतो. पिस्टन गंजतो, कडी ताठरते. मग गाडी एका बाजूला ओढते, एकच चाक जास्त तापते.

ही दुरुस्ती घरी करता येते. मात्र गाडी नुसत्या जॅकवर ठेवू नका. खाली भक्कम टेकू हवा. कॅलिपर काढल्यावर पिस्टनसमोर लाकडाचा तुकडा ठेवून पायपंपाच्या हवेने तो हळूहळू बाहेर काढा. बोटे दूर ठेवा. पिस्टनवर गंजाचे खड्डे असतील, तर नवाच घाला.

आता खरी मेख. सुटा भाग दिसला की आपला हात रॉकेलच्या डब्याकडे जातो. इथे तो आवरा! आपण ‘ब्रेक ऑइल’ म्हणतो खरे, पण ते खनिज तेल नव्हे. रॉकेल, पेट्रोल किंवा ग्रीस लागले की ही कडी फुगते, पिस्टन अडकतो आणि ऐन उतारावर घात होतो. भाग ताज्या ब्रेक ऑइलनेच धुवा, नवी कडी त्यातच भिजवून बसवा. ऑइल गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचे, नव्या सीलबंद डब्यातले घ्या.

शेवटी नळीतली हवा काढा. हवा दबते, द्रव दबत नाही. म्हणून हवा राहिली तर पेडल पोकळ लागते. पेडल टणक झाल्याखेरीज गाडी हलवू नका. पहिली चाचणी मोकळ्या मैदानात, सावकाश घ्या. मनात शंका उरली, तर जाणत्या मिस्त्रीला दाखवा आणि मगच घाटाची वाट धरा.