बाळंतपणातला गॅस

(मंडळाच्या वर्धापनदिनी सभासद भगिनींपुढे केलेले भाषण)



दर वर्धापनदिनाला आपण कोणा डॉक्टरीणबाईंना किंवा प्राध्यापिकेला बोलावतो. यंदा चिटणीसबाईंनी माझेच नाव पुढे केले. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. कुर्डयांचा चीक किती घोटावा हे विचाराल तर सांगेन, पण भाषण करण्याची ही पहिलीच वेळ. तेव्हा चुकले माकले तर सांभाळून घ्या. २०२४ साली मी चार महिने इंग्लंडात राहून आले. तेथे जे पाहिले ते भिशीच्या दिवशी सांगत होते, तर चहा गार झाला तरी कोणी उठेना. त्यावरून हा विषय ठरला. विषय बाळंतपणातल्या कळांचा आहे. मागच्या खुर्च्यांवर जी पुरुषमंडळी आहेत त्यांनी उठून जाण्याचे कारण नाही. ऐकून झाला तर फायदाच होईल.

माझी पुतणी लेस्टर नावाच्या गावी असते. तिचे पहिले बाळंतपण. थोरल्या जाऊबाईंचे गुडघे धरलेले, त्यांना विमान झेपेना, म्हणून काकू या नात्याने मी गेले. बाळंतविडा, डिंकाचे लाडू, अळीव, सारे बांधून नेले. लेस्टरच्या बाजारात इंग्रजीइतकीच गुजराती कानावर पडते, त्यामुळे माझे काही अडले नाही. अडले ते दवाखान्यात, कारण तेथे मी पाहिले ते मला आधी समजेचना.

रात्री नऊच्या सुमारास कळा वाढल्या म्हणून आम्ही गेलो. तेथे बाळंतपण डॉक्टर करीत नाहीत, सुईणी करतात. सुईण म्हणजे आपल्या आजीच्या वेळची नव्हे. पदवी घेतलेली, परीक्षा दिलेली. आडले तरच डॉक्टर येतात. आमची सुईण मूळची जमैकाची, धिप्पाड आणि हसतमुख. बाळंतिणीजवळ जावई आणि मी, दोघांनाही राहू दिले. भिंतीतून एक रबरी नळी आली होती. तिच्या टोकाला तोंडात धरायची दट्ट्यासारखी वस्तू होती. ती सुईणीने पुतणीच्या हातात दिली आणि सांगितले, पोट आवळू लागले की लगेच ही तोंडात धर आणि सावकाश खोल श्वास घे. कळ ओसरली की सोडून दे.

ह्याला तेथे ‘गॅस अँड एअर’ म्हणतात. नाव जुने आहे आणि आता खोटेही आहे, कारण त्यात हवा नसतेच. अर्धा नायट्रस ऑक्साइड आणि अर्धा प्राणवायू, असे निम्मेनिम्मे मिश्रण असते. एन्टोनॉक्स हे त्याचे दुकानी नाव. नायट्रस ऑक्साइड म्हणजे तोच, ज्याला पूर्वी हसविणारा वायू म्हणत.

त्या नळीतली खुबी अशी की आपण श्वास आत ओढला तरच तिचा पडदा उघडतो आणि गॅस येतो. ओढणे थांबले की गॅस थांबला. म्हणून ती बाळंतिणीने स्वतःच धरायची. जावईबापू प्रेमाने पुढे होऊन तिच्या तोंडाशी नळी धरू लागले, तर सुईणीने त्यांचा हात बाजूला केला. कारण विचारले तेव्हा तिने समजावले: बाईला जास्त गुंगी आली तर तिचा हात आपोआप खाली येतो, नळी सुटते, आणि साधी हवा आत गेली की दोनचार श्वासांत ती शुद्धीवर येते. दुसऱ्याने धरली तर ही राखण उरत नाही. मला हे फार आवडले. औषध किती घ्यायचे हे जिचे पोट दुखते तिच्याच हातात, आणि जास्त होऊ न देण्याची सोयही तिच्याच हातात.

दुसरी खुबी वेळेची. गॅसचा गुण यायला अर्धा मिनिट तरी लागतो, आणि कळ येते ती साधारण मिनिटभराची. कळ अगदी शिगेला पोचल्यावर नळी तोंडात घातली तर गुण येईपर्यंत कळ गेलेली असते, आणि बाई म्हणते ह्यात काही अर्थ नाही. पुतणीचे पहिल्या चारपाच कळांना असेच झाले. मग सुईण तिच्या पोटावर हात ठेवून बसली आणि पोट घट्ट होऊ लागताच म्हणायची, आता ओढ. त्यानंतर तिला ताल सापडला.

आता खरे ते सांगते. कळ जात नाही. कळ कळच राहते. पुतणी नंतर म्हणाली, “काकू, दुखत होते, पण कोणीतरी शेजारच्या खोलीत दुखत असल्यासारखे दुखत होते.” मध्येच ती माझ्याकडे पाहून हसायला लागली की मी फार लांब उभी दिसते म्हणून! मी तर तिच्या उशाशीच. डोके हलके होते, तोंड कोरडे पडते, काहींना मळमळते. तिला एकदा ओकारी झाली. काही बायकांना तर हे मुळीच मानवत नाही, त्या नळी भिरकावून देतात. भिरकावली तरी नुकसान नाही, कारण पाचएक मिनिटांत सारा अंमल उतरतो. बाळाकडेही तो रक्तावाटे जातो, पण फुप्फुसावाटे लगेच बाहेर पडतो, म्हणून मूल सुस्त जन्मत नाही. पेथिडीनचे इंजेक्शन तेथे देतात, ते प्रसूतीच्या अगदी जवळ दिले तर मूल पेंगुळते. पाठीच्या कण्याजवळ सुई घालून देतात ते एपिड्यूरल सर्वांत गुणकारी, पण त्याला भूल देणारे डॉक्टर लागतात आणि बाळंतिणीवर सतत नजर ठेवावी लागते. गॅस सुईण एकटी देऊ शकते. घरी बाळंतपण असेल तर नळकांडे गाडीत घालून घरीसुद्धा नेतात. तेथे राहणाऱ्यांना सरकारी दवाखान्यात त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत.

शेवटी जोर करायच्या वेळी सुईणीने नळी बाजूला ठेवायला सांगितली. पहाटे साडेपाचला मुलगी झाली. बाळ रडले आणि आई पूर्ण शुद्धीवर होती, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले.

परत आल्यावर मी ह्याचा इतिहास मुलाकडून मोबाइलवर वाचून घेतला. तो ऐकण्यासारखा आहे. हंफ्री डेव्ही नावाच्या तरुणाने ब्रिस्टॉल गावी हा वायू स्वतः हुंगून पाहिला आणि १८०० साली पुस्तकात लिहून ठेवले की ह्याने दुखणे कमी होते, शस्त्रक्रियेत उपयोग करता येईल. चाळीसएक वर्षे कोणी ढुंकून पाहिले नाही! तमाशासारखा लोकांना हुंगवून हसवण्यापुरताच तो राहिला. १८४४ साली अमेरिकेत होरेस वेल्स ह्या दंतवैद्याने त्यावर स्वतःची दाढ काढून घेतली. बाळंतपणात तो प्राणवायूत मिसळून प्रथम दिला क्लिकोविच ह्या डॉक्टरने, १८८१ साली, रशियात सेंट पीटर्सबर्गला.

पण श्रीमंतांचे आणि गरिबांचे बाळंतपण निराळे होते. व्हिक्टोरिया राणीने १८५३ साली आपल्या आठव्या बाळंतपणात डॉ. जॉन स्नो ह्यांच्याकडून रुमालावर क्लोरोफॉर्म हुंगून घेतले. तेव्हापासून ज्यांना डॉक्टर परवडे त्यांना कळांवर उपाय मिळे. ज्या गरीब बाया घरात सुईणीच्या हाताखाली बाळंत होत त्यांना काहीच नाही, कारण सुईणीला भूल देण्याची परवानगी नव्हती. हा फरक बायकांच्याच मनाला लागला. १९२८ साली तेथे नॅशनल बर्थडे ट्रस्ट नावाची संस्था निघाली, तिच्यात बड्या घरच्या बायका होत्या. पंतप्रधान बाल्डविन ह्यांच्या पत्नी लुसीबाई ह्यांचे पहिले मूल मृत जन्मले होते. त्यांनी गरीब बाळंतिणींच्या कळा कमी व्हाव्यात म्हणून निधी उभारला, सभांतून भाषणे केली. लिव्हरपूलच्या डॉ. मिनिट ह्यांनी १९३३ साली सुईणीला नेता येईल असे यंत्र बनवले, त्याला ह्या बायकांच्या संस्थेने पैसा दिला. आणि १९३६ साली सुईणींना ते स्वतः वापरण्याची परवानगी मिळाली. त्या यंत्रात गॅसमध्ये हवा मिसळत, म्हणून ‘गॅस अँड एअर’. पण हवा कमी पडून प्राणवायू फारच थोडा मिळे, ही त्यातली खोड होती. १९६१ साली डॉ. टनस्टॉल ह्यांनी दोन्ही वायू एकाच नळकांड्यात निम्मेनिम्मे भरण्याची युक्ती काढली, १९६५ साली सुईणींना ती मिळाली, आणि पुढे जुनी यंत्रे बंद झाली.

मोठ्या लोकांच्या बायका म्हणून त्यांच्या हातून हे झाले असे कोणी म्हणेल. खरे आहे. पण मागणारे कोणी उठले म्हणून मिळाले, हेही तितकेच खरे.

ह्यातले दोषही सांगितले पाहिजेत, नाहीतर मी त्या कंपनीची विक्रेती ठरेन. बाळंतीण जो श्वास सोडते त्यातून गॅस खोलीत पसरतो. तिला एका रात्रीचा प्रश्न, पण सुईणीला रोजचा. खोलीतली हवा नीट खेळती नव्हती म्हणून २०२२ आणि २०२३ साली इंग्लंडातल्या काही दवाखान्यांनी गॅस काही काळ बंद ठेवला होता. तेव्हा बाळंतिणींनी आरडाओरडा केला तो वेगळाच. दुसरे असे की हा वायू शरीरातले बी-बारा जीवनसत्त्व निकामी करतो. थोड्या वेळाच्या वापराने धडधाकट बाईला सहसा काही होत नाही, पण आपल्यात शाकाहारी बायकांना बी-बाराची कमतरता पुष्कळ असते, तेव्हा ते रक्त आधी तपासून घेतलेले बरे. ज्यांच्या छातीत हवा साठण्याचा विकार झाला आहे, किंवा डोळ्याची शस्त्रक्रिया होऊन आत गॅसचा बुडबुडा सोडलेला आहे, त्यांना तो देत नाहीत. शिवाय हा गॅस स्वतः पेटत नसला तरी आग भडकावतो. म्हणून बाळंतिणीच्या खोलीत उदबत्ती किंवा निरांजन नको, सासूबाईंनी कितीही सांगितले तरी. वातावरण तापवण्याच्या बाबतीतही तो कोळशाच्या धुरातल्या वायूच्या पावणेतीनशे पट वाईट. थंडीत, उणे सहा अंशांखाली, त्या नळकांड्यातले दोन वायू वेगळे होतात, म्हणून तेथे नळकांडे उबेत ठेवून उलटेपालटे करून मग वापरतात. आपल्या गावाला ती काळजी नाही!

आता तुम्ही म्हणाल, हे इंग्लंडचे पुराण आम्हाला कशाला?

भिशीच्या दिवशी एक वडीलधाऱ्या बाई म्हणाल्या, “आम्ही सोसले, आमच्या आयांनी सोसले. सोसल्याशिवाय आईची माया येत नाही.” त्यांचा मान राखून बोलते. माझी लेक २००१ साली एका दवाखान्यात झाली. ओरडले म्हणून तेथल्या बाईने माझ्या मांडीवर चापट मारली आणि म्हणाली, तेव्हा नाही वाटले का काही? तोंडात पदराचा बोळा घातला तेव्हा कोठे त्यांचे समाधान झाले. त्या चापटीने माझी माया तिळभरही वाढली नाही. आणि पुतणीने नळी तोंडात धरून मूल आणले, ती आता रात्र रात्र त्याला घेऊन बसते, तिची माया काही कमी नाही. जिला काही न घेता बाळंत व्हायचे असेल तिने खुशाल व्हावे, त्यातही मोठेपणा आहे. पण जिला नको आहे तिला सोसायला लावण्यात कोणाचा मोठेपणा?

माझी ती लेक आता पाच महिन्यांची गरोदर आहे, पहिलटकरीण, बाळंतपणाला आमच्याकडेच येणार. तिच्या सासूबाई समोर बसल्या आहेत. आम्हा विहिणींचे ह्या बाबतीत एकमत आहे, हे मंडळाच्या इतिहासात नोंदवून ठेवा. आपल्या देशात हा गॅस काही मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांत मिळतो. मी आपल्या गावातल्या तीन दवाखान्यांत जाऊन विचारले. एके ठिकाणी नाही म्हणाले आणि विषय संपला. दुसरीकडे नायट्रस ऑक्साइड आहे, पण शस्त्रक्रियेच्या खोलीत, बाळंतिणीसाठी नाही. तिसऱ्या ठिकाणच्या डॉक्टरीणबाई तरुण आहेत. त्या म्हणाल्या, “काकू, मला ह्याची माहिती आहे, नळीसुद्धा मागवता येईल, हवा खेळती ठेवण्याची सोय करावी लागेल. पण इतक्या वर्षांत मागणाऱ्या तुम्ही पहिल्याच.”

पहिल्याच! तीस वर्षांचे आपले मंडळ, आणि एकीनेही विचारले नाही.

आणखी एक गोष्ट, जिला पैसा लागत नाही. सरकारी दवाखान्यात बाळंतिणीजवळ घरची एक बाई राहू शकते, असे केंद्र सरकारने २०१६ सालीच ठरवून दिले आहे. जिला स्वतःला बाळंतपणाचा अनुभव आहे अशी बाई असली म्हणजे उत्तम. कोणी दारातून हाकलू लागले तर हे सांगावे. हात धरायला कोणी असले म्हणजेसुद्धा कळ निम्मी होते, हे मला कोणा पुस्तकाने सांगायला नको.

तर त्या डॉक्टरीणबाईंनी पुढच्या मंगळवारी दुपारी चारला वेळ दिली आहे. एकटी गेले तर एका काकूंचे म्हणणे ठरेल. ज्यांच्या घरी लेक किंवा सून गरोदर आहे त्यांनी आणि ज्यांच्या घरी नाही त्यांनीही यावे. चिटणीसबाईंकडे वही आहे, जाताना नावे द्यावीत. साडेतीनला देवळापाशी जमायचे आहे, आणि दहाच्या वर नावे झाली तर रिक्षांऐवजी मोठी गाडी सांगते.