गोळ्या अर्ध्यावर सोडायच्या नाहीत

(मांजरीला कामावर आलेल्या आपल्या माणसांच्या बैठकीतलं भाषण)



मला हिंमतीवर बोलायला सांगितलंय. पण आजारी असताना 'हिंमत धर' म्हणणाऱ्यांचा मला लई राग यायचा. म्हणून जे झालं तेच सांगते.

ह्या मांजरीत सीरमचा लशींचा कारखाना आहे. ती कंपनी टीबीची बीसीजी लसही बनवते. बीसीजी मला लहानपणीच टोचलीय, दंडावर खूण आहे. तरी मागच्या साली टीबी झाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ही लस लहान पोरांना जिवावरच्या टीबीपासून वाचवते, मोठेपणी छातीच्या टीबीला तिचा भरवसा नाही. म्हणजे माझा गुन्हा काहीच नव्हता. पण मुकादमाला कळलं आणि दुसऱ्या दिवशी काम बंद. खोलीतल्या बायांनी माझं ताट वेगळं केलं. कामापेक्षा ताटाचं जास्त लागलं. टीबी ताटातून होत नाही, खोकल्यातून हवेत जातो.

मी वाडीला परत गेले. नाव इथं नोंदलेलं असलं तरी बदली करून घेतली की गोळ्या गावाकडच्या आरोग्य केंद्रात मिळतात. पहिले दोन महिने चार औषधं, पुढं चार महिने तीन. लघवी केशरी झाली तेव्हा रक्तच वाटलं, पण तो औषधाचा रंग. खाण्यासाठी महिना १००० रुपये खात्यात येतात. २०२४ च्या नोव्हेंबरआधी ५०० होते.

दोन महिन्यांत खोकला गेला, भाकरी गोड लागू लागली. वाटलं, झाले बरी. हीच वेळ वाईट! आमच्या मामानं इथंच गोळ्या सोडल्या. आजार उलटला, मग साधी औषधं लागू पडेनात. मामा आज नाही.

त्याच दिवसांत कागद आला, आमचा वनहक्काचा दावा उपविभागीय समितीनं नाकारला. कारण लिहिलं, पुरावा अपुरा. बाबा म्हणाला, जाऊ दे, तू आधी बरी हो. मलाही वाटलं जाऊ दे. अंगात ताकदच नव्हती. पण जिल्हा समितीकडं अपील करायला साठ दिवस असतात, ते कुणाच्या आजारासाठी थांबत नाहीत.

कायदा सांगतो, १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसत असल्याचं दाखवा. दावेदार सोडून गावातल्या जाणत्या माणसांचा लेखी जबाबही पुरावा धरतात. शेजारची म्हातारी माझ्या अंथरुणाजवळ येऊन बसली. बांध कुणी घातला, आंबा कोणत्या दुष्काळात लावला, सगळं तिच्या तोंडपाठ. मी पडून पडून लिहिलं, तिनं अंगठा दिला. मी धाप लागून थांबले की ती नाचणीची आंबील पुढं करायची. 'हिंमत धर' एकदाही म्हणाली नाही. अठ्ठावन्नाव्या दिवशी वाडीतली दोन पोरं एसटीनं जिल्ह्याला गेली आणि शिक्क्याची पोच घेऊन आली.

माझ्या गोळ्या संपल्या, थुंकीत जंतू नाहीत. अपिलाचा निकाल अजून नाही. सुनावणीला वाडीतून गाडी करायची आहे, इथून कोण येणार ते आज नावं द्या. ज्याचा दावा नाकारलाय त्यानं कागद घेऊन यावा, तारीख बघून दिवस मोजू. आणि मागं बसलेला तो भाऊ मघापासून खोकतोय. दोन आठवड्यांच्या वर झालं असेल तर सोमवारी सकाळी थुंकी तपासायला माझ्याबरोबर चल. रांगेत मी उभी राहते.