नदीची पातळी आणि सभागृहाची विषयपत्रिका

पावसाळ्यात बदलापूरकरांना दोन आकडे तोंडपाठ असतात. उल्हास नदीची इशारा पातळी 16.50 मीटर आणि धोक्याची पातळी 17.50 मीटर. बॅरेजजवळ पाणी चढू लागलं की हेंद्रेपाडा, वालिवली भागातली माणसं तळमजल्यावरचं सामान वर चढवायला लागतात. 26 जुलै 2005 चा पूर अजून विसरता येत नाही, तोच 27 जुलै 2019 रोजी बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली. हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं.

नदीचे आकडे असे पाठ असलेल्या या गावाला कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या अंदाजपत्रकातला एखादा आकडा मात्र क्वचितच सांगता येतो.

त्याचं एक कारण कारभाराच्या वाटणीत आहे. नळाचं पाणी महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाचं, वीज महावितरणची, स्टेशन मध्य रेल्वेचं, बारवी धरण औद्योगिक विकास महामंडळाचं. नगरपरिषदेकडे उरतात गटारं, कचरा, दिवाबत्ती, अंतर्गत रस्ते आणि बांधकाम परवानग्या. पाणी आलं नाही म्हणून नगरसेवकाचं दार वाजवणाऱ्या बाईंना हे ठाऊक नसतं, आणि ठाऊक असण्याची सक्ती तरी का असावी? दाद मागायला त्यांना जवळची जागा तीच दिसते.

दुसरं कारण जमाखर्चातच आहे. जकात 1999 मध्ये गेली. तेव्हापासून नगरपरिषदांचा भार राज्याचं सहाय्यक अनुदान, मालमत्ता कर आणि विकास शुल्क यांवर आहे. बदलापूरसारख्या वाढत्या गावात विकास शुल्काचा मोह मोठा. 1983 मध्ये कल्याण महापालिकेत गेलेलं आणि 1992 मध्ये वेगळं झालेलं हे गाव 2001 च्या जनगणनेत एक लाखाच्या आत होतं. 2011 मध्ये लोकसंख्या 1,74,226 झाली. मुंबईत घर न परवडणाऱ्या माणसाला इथे परवडलं, म्हणून इमारती उठत गेल्या. पण परवानगीचं शुल्क तिजोरीत एकदाच येतं. त्या इमारतीचा कचरा रोज उचलावा लागतो, तिच्यापुढचं गटार दरवर्षी उपसावं लागतं. नव्या इमारतींच्या पैशावर जुन्या इमारतींची सोय करत राहिलं की बांधकाम मंदावताच ओढाताण सुरू होते. नगरपरिषदेचं अंदाजपत्रक वाचताना एकूण रकमेआधी हाच भाग तपासायला हवा.

हे विचारायची जागा म्हणजे सभागृह. 1965 च्या नगरपरिषद अधिनियमाने तिची नीट आखणी केली आहे. मुख्याधिकारी प्रस्ताव मांडतात, विषयपत्रिका निघते, सूचक-अनुमोदक उभे राहतात, चर्चा होते, ठराव इतिवृत्तात जातो. बेकायदा ठराव असेल तर कलम 308 खाली जिल्हाधिकारी तो थांबवू शकतात. विरोधी बाकावरचा एखादा सदस्य उठून निविदेचा दर विचारतो, तेव्हा सभा लांबते, विषय तहकूबही होतो. या दिरंगाईवर लोक चिडतात. तरीही तो दर मोठ्याने विचारला जाणं फार मोलाचं आहे.

बदलापुरात तो आवाज जवळजवळ साडेपाच वर्षं बंद होता. 2015 मध्ये निवडून आलेल्या नगरपरिषदेची मुदत 2020 मध्ये संपली. आधी करोना, मग इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा न्यायालयीन तिढा. पाच वर्षांच्या मुदतीत निवडणूक व्हावी, असं राज्यघटनेचं 243-यू हे कलम सांगतं; इथे सबंध पाच वर्षं प्रशासकाच्या हाती गेली. प्रशासक कितीही चांगला असो, प्रस्ताव मांडणारी यंत्रणा आणि मंजुरी देणारी सही एकाच बाजूला आली की प्रश्न विचारणारं कुणी उरत नाही. 6 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घेण्याचा आदेश दिला, तरी मतदानाला डिसेंबर उजाडला. नगराध्यक्षही थेट लोकांतून निवडला गेला.

आता या सभागृहापुढे नाले आहेत. निळ्या पूररेषेच्या आत बांधकामाला मनाई असते. ती रेषा प्रत्यक्ष परवानग्या देताना कितपत पाळली गेली, हे सदस्यांनी कागद मागवून पाहावं. नालेसफाईची निविदा मे महिन्याआधी मंजूर झाली का, गाळ कुठे टाकला, मोजला कुणी, हे सभेत विचारावं. इतिवृत्ताची प्रत माहितीच्या अधिकारात कुणालाही मागता येते. हेंद्रेपाड्यातल्या एखाद्या सोसायटीने ती जूनपूर्वी मागवून सूचनाफलकावर लावली, तर नदीच्या पातळीशेजारी रहिवाशांना नाल्याचा हिशेबही वाचता येईल.