स्वागताध्यक्षांचे भाषण : मज्जातंतू-वेदना परिषद, छत्रपती संभाजीनगर



मी गुलमंडीवरचा कापडाचा व्यापारी. मेंदूतलं मला फारसं कळत नाही. या शहराबद्दल मात्र बोलू लागलो की मला आवरावं लागतं.

हे गाव मलिक अंबरने 1610 मध्ये खडकी या नावाने वसवलं. गुलाम म्हणून विकला गेलेला हा हबशी पुढे निजामशाहीचा वजीर झाला. त्याने मुघलांना झुंजवलं ते आहेच, पण माझ्या लेखी त्याचा खरा पराक्रम म्हणजे नहर-ए-अंबरी! डोंगराकडचं मुरलेलं पाणी भुयारांतून, खापरी नळांतून, केवळ उताराच्या जोरावर त्याने शहरात खेळवलं. पुढच्या काळातली पाणचक्कीही चुकवू नका. डोंगरातून आलेलं पाणी भिंतीत चढवून खाली सोडायचं, की जातं फिरे आणि फकीर-मुसाफिरांच्या भाकरीचं पीठ पडे.

सचिव घड्याळ दाखवताहेत, म्हणून विषयाकडे वळतो. आमच्या आईला नागीण झाली होती. फोड वाळले, खपल्या गेल्या; पण पदराचा काठ लागला तरी ती कळवळायची. आम्ही म्हणायचो, मनाचे खेळ आहेत. पुढे डॉक्टरांनी समजावलं : दुखावलेली नस जखम भरल्यावरही निरोप धाडत राहते, मेंदूतल्या इन्सुला, सिंग्युलेट या भागांतल्या जोडण्या बदलतात आणि वेदनेला आवर घालणारी ब्रेनस्टेममधली यंत्रणा ढिली पडते.

आता क्षमायाचना. जायकवाडी धरण भरलं तरी आमच्या नळाला रोज पाणी येत नाही. टँकर सांगून ठेवलेत, तरी मलिक अंबरच्या गावात पाणी जपून वापरा म्हणायची लाज वाटते. निवासव्यवस्था विखुरलेली आहे, जुन्या शहरात गाड्या अडकतील, नानखलिया कुणाला तिखट लागेल. सांभाळून घ्या. वाळूज-चिकलठाण्याचे उद्योजक, औषधविक्रेते, गुलमंडीचे व्यापारी, मंडपवाले, आचारी आणि रात्रभर सतरंज्या अंथरणारी विद्यार्थी मंडळी, सर्वांचा मी ऋणी आहे. कुणाचं नाव राहिलं असेल तर दोष माझा.

एकच मागणं. इथल्या चर्चेतून चार ओळी सोप्या मराठीत लिहा आणि 1956 पासून मराठवाड्याचा आधार असलेल्या आमच्या घाटी रुग्णालयाच्या ओपीडीबाहेर लावा. पहिली ओळ असावी : तुमचं दुखणं खरं आहे.